'बेलिजरंट' : भांडखोर की युद्धमान?

'बेलिजरंट' या इंग्रजी शब्दाचा अर्थ भांडखोर किंवा आक्रमक एवढाच घेतला जातो. रोजच्या बोलण्यापुरता तो बरोबर असला, तरी युद्धांचा इतिहास आणि आंतरराष्ट्रीय कायदा वाचताना तो वाचकाची दिशाभूल करतो. युद्ध या अर्थाचा 'बेल्लम' आणि चालवणे या अर्थाचा 'गेरेरे' या लॅटिन शब्दांपासून तो घडला असल्याने त्याचा मूळ अर्थ 'युद्ध करणारा' असा आहे; तंटेखोर स्वभावाचा अर्थ त्याला नंतर जोडला गेला.

कायद्याच्या परिभाषेत युद्धात उतरलेला प्रत्येक पक्ष बेलिजरंट, म्हणजे युद्धमान असतो, मग पहिला वार कोणी केला हे त्यासाठी पाहिले जात नाही. १९१४ मध्ये जर्मनीने तटस्थ बेल्जियमवर चाल केली आणि बेल्जियमने शस्त्राने प्रतिकार केला, तेव्हा आक्रमक एकच असला, तरी युद्धमान दोघेही होते.

हे विशेषण निंदाव्यंजक आहे, हा दुसरा समजही कायद्यात टिकत नाही, कारण तेथे तो हक्क आणि कर्तव्ये देणारा दर्जा आहे. १८६१ च्या मे महिन्यात ब्रिटनने अमेरिकेतील यादवी युद्धाबाबत तटस्थता जाहीर करून दक्षिणेकडील फुटीर राज्यांना हा दर्जा मान्य केला, आणि त्यामुळे लिंकन यांचे सरकार संतापले. ज्यांना ते केवळ बंडखोर मानत होते, त्यांना परदेशांत कर्ज उभारण्याची आणि समुद्रावर शत्रूची जहाजे अडवण्याची कायदेशीर वाट त्यातून मोकळी होत होती. पुढे १९०७ च्या हेग नियमावलीने स्वयंसैनिकांच्या पथकांनाही युद्धमानांचे हक्क दिले. मात्र जबाबदार नायक, दुरून ओळखता येईल असे चिन्ह, उघडपणे बाळगलेली शस्त्रे आणि युद्धनियमांचे पालन या चार अटी त्यासाठी घातल्या.

युद्धमान होण्यासाठी युद्धाची इच्छा लागते असेही नाही. सप्टेंबर १९३९ मध्ये व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी भारतीय प्रतिनिधींना न विचारता भारत युद्धात असल्याचे घोषित केले आणि त्याच्या निषेधार्थ मुंबई प्रांतातील बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळासह काँग्रेसची प्रांतिक मंत्रिमंडळे पायउतार झाली. अशा देशाला भांडखोर म्हणणे हा उघड अन्याय ठरेल. युद्धाची खुमखुमी सांगणारा इंग्रजी शब्द 'बेलिकोज' हा आहे आणि त्याला मराठीत 'युद्धखोर' हा नेमका प्रतिशब्द आहे. म्हणून अनुवादकांनी आणि पत्रकारांनी युद्धातील पक्षांविषयी लिहिताना 'बेलिजरंट'साठी 'युद्धमान' हाच शब्द योजावा.