प्रीती कामाला लागते तेव्हा

ख्रिस्ती लग्नात करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा तेरावा अध्याय अनेकदा वाचला जातो. नवरा-नवरी समोर उभी असतात, पाळकसाहेब प्रीतीची लक्षणे सावकाश वाचतात आणि ऐकणाऱ्या प्रत्येकाला ती आवडतात. मात्र पौलाने हा अध्याय लग्नासाठी लिहिला नव्हता. आपापसांत भांडणाऱ्या एका मंडळीला त्याने तो लिहिला होता. हे ध्यानात ठेवले की त्यातले प्रेम गोड कल्पनेपुरते उरत नाही. ते रविवारी आपल्याच बाकावर बसणाऱ्या माणसाशी कसे वागायचे, या प्रश्नाचे उत्तर होते.

या लेखाचे म्हणणे एवढेच आहे: मंडळीतले प्रेम मनात असून भागत नाही, ते व्यवस्थेत उतरावे लागते. कोण कुठे बसते, कोणाच्या घरी कोण जाते, कोणाच्या हातचे कोण जेवते, भांडण कसे मिटते, यात ते दिसले तरच ते आहे असे म्हणता येते.

करिंथमध्ये काय बिनसले होते

करिंथ हे ग्रीसमधले गजबजलेले व्यापारी शहर. इसवी सन 50 च्या सुमारास तिथे मंडळी उभी राहिली आणि त्यानंतर थोड्याच वर्षांनी पौलाने इफिसहून हे पत्र पाठवले. मंडळीत गट पडले होते. कोणी पौलाचा, कोणी अपुल्लोसाचा, कोणी केफाचा म्हणवत होता. विश्वासी एकमेकांना कोर्टात खेचत होते. प्रभुभोजनाला जमल्यावर सुखवस्तू माणसे आधीच पोटभर जेवून घेत आणि कष्टकरी उपाशी राहत. ज्यांना अन्य भाषांत बोलण्याचे दान होते, ते स्वतःला इतरांपेक्षा वरचे समजत.

पत्राची मांडणीही पाहण्यासारखी आहे. बारावा अध्याय मंडळीला शरीराची उपमा देतो आणि दुबळ्या वाटणाऱ्या अवयवांनाच जास्त मान द्यावा असे सांगतो. चौदावा अध्याय सभेत कोणी, केव्हा आणि किती बोलावे याची शिस्त घालून देतो. या दोहोंच्या मध्ये तेरावा अध्याय येतो. म्हणजे सभा नीट चालण्याच्या सूचनांमध्येच प्रीतीचे सर्वांत सुंदर वर्णन बसवलेले आहे. ज्ञान, वक्तृत्व, विश्वास, दानधर्म, सगळे असूनही प्रीती नसेल तर ते निष्फळ ठरते, हा त्याचा सांगावा आहे.

प्रेम ही आज्ञा आहे

योहानाच्या शुभवर्तमानात शेवटच्या भोजनाच्या रात्री येशू कमरेला रुमाल बांधतो आणि शिष्यांचे पाय धुतो. धूळभरल्या वाटांवर चपला घालून चालणाऱ्यांचे पाय धुणे हे घरातल्या सर्वांत खालच्या नोकराचे काम होते. त्यानंतर तो त्यांना एकमेकांवर प्रेम करण्याची नवी आज्ञा देतो आणि जग याच खुणेवरून तुम्हाला माझे शिष्य म्हणून ओळखेल, असे सांगतो.

एखाद्याबद्दल जिव्हाळा वाटणे आपल्या हातात नसते. त्याच्याशी कसे वागायचे ते मात्र आपल्या हातात असते, म्हणूनच प्रेमाची आज्ञा होऊ शकते. ज्याचा स्वभाव पटत नाही, ज्याने मागच्या निवडणुकीत आपल्या विरुद्ध मत दिले, त्याच्या आईच्या आजारपणात डबा घेऊन जाणे जमते. भावना त्यामागून आली तर आनंदच आहे. नाही आली तरी डबा पोहोचलेला असतो.

पहिल्या मंडळीने नेमले सात जण

प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात यरुशलेममधल्या पहिल्या मंडळीतली एक तक्रार नोंदवली आहे. तिथे विधवांना रोज अन्न वाटले जाई. त्यात ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होते, अशी कुरबूर सुरू झाली. प्रेषितांनी तक्रार करणाऱ्यांना गप्प बसवले नाही आणि प्रार्थना करा, सहन करा, असेही सांगितले नाही. त्यांनी मंडळी बोलावली आणि वाटपासाठी सात विश्वासू माणसे निवडून घेतली.

त्या सातांची नावे वाचा: स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना आणि अंत्युखियाचा निकलाव. सातही नावे ग्रीक आहेत. ज्यांची गैरसोय झाली होती, बहुधा त्यांच्यातल्याच माणसांकडे कारभार सोपवला गेला. प्रेमाने इथे यादी केली, माणसे नेमली आणि अधिकार वाटून दिला. आपल्या मंडळ्यांतल्या प्रत्येक पंच कमिटीने हा अध्याय वर्षातून एकदा तरी एकत्र बसून वाचावा.

मिरजेच्या दवाखान्याचा दाखला

आपल्या भागात या प्रेमाला मोठे रूप कसे मिळाले, ते मिरजेत दिसते. 1852 मध्ये रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी कोल्हापुरात आले आणि तिथले मिशनकार्य सुरू झाले. 1870 मध्ये हे कार्य प्रेस्बिटेरियन मिशनकडे गेले. या मिशनचे कॅनडात जन्मलेले डॉक्टर विल्यम वॉन्लेस 1889 मध्ये भारतात आले. 1892 मध्ये त्यांनी मिरजेत दवाखाना काढला, 1894 मध्ये रुग्णालय उभे राहिले आणि 1897 मध्ये वैद्यकीय शाळाही निघाली. पुढे कुष्ठरुग्णांसाठी वेगळी सोय झाली. सांगली आणि मिरज यांच्या मध्ये क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम झाले, तो भाग आजही वॉन्लेसवाडी म्हणून ओळखला जातो.

या कामातल्या दोन गोष्टी आपल्या विषयाच्या आहेत. पहिली ही की मिशनची माणसे कुष्ठरोग्यापर्यंत गेली. ज्याला गावाने वेशीबाहेर ठेवले होते, त्याच्या जखमा धुणारे हात इथे होते. दुसरी गोष्ट वैद्यकीय शाळेची. आपण एकट्याने किती रुग्ण तपासले, यावर वॉन्लेस थांबले नाहीत. आपल्यामागे काम चालावे म्हणून त्यांनी इथल्या तरुणांना शिकवले. एका माणसाची दया त्याच्याबरोबर संपते. शिकवलेली, वाटून दिलेली दया पिढ्यान्‌पिढ्या पुरते.

पाणी, पंगत आणि जात

महाराष्ट्रातल्या मंडळीची सर्वांत अवघड परीक्षा जातीची होती, आणि ती अजून संपलेली नाही. बाप्तिस्मा घेऊनही जुनी जात मनात राहते. सोयरीक ठरवताना ती पुढे येते, पंच निवडताना ती कानोकान फिरते.

या बाबतीत लक्ष्मीबाई टिळकांचे आयुष्य प्रत्येक मंडळीने जाणून घ्यावे असे आहे. त्यांचे वडील टोकाचे सोवळे पाळणारे होते आणि त्याच घरात त्या वाढल्या. पती नारायण वामन टिळक यांनी 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. पुढची काही वर्षे दोघे वेगळे राहिले. नंतर एकत्र आल्यावरही लक्ष्मीबाई आपले सोवळे सांभाळून होत्या. जात देवाने केलेली नाही, माणसांनी केली, हे त्यांचे त्यांनाच विचार करता करता पटले आणि त्यांनी कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचा निश्चय केला. हे सारे त्यांनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये मोकळेपणाने सांगितले आहे. 1900 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

यातला क्रम पाहा. पाण्याच्या तांब्याचा प्रश्न आधी सुटला, बाप्तिस्मा नंतर झाला. पुढे टिळकांच्या घरात अनाथ, गरजू मुले येत राहिली. टिळक कवी होते, उदार होते, कोणालाही घरी घेऊन येत. त्या सगळ्यांचे जेवणखाण, दुखणीखुपणी मात्र लक्ष्मीबाईंनी निभावली. प्रेमाचा मोठा वाटा अशा स्वयंपाकघरात उचलला जातो आणि अहवालात त्याचे नाव येत नाही. मंडळीत आजही सभेनंतर भांडी घासणाऱ्या बहुतेक बायकाच असतात. प्रेमाबद्दल बोलताना त्यांच्यापासून सुरुवात केली पाहिजे आणि त्या भांड्यांना पुरुषांचेही हात लागले पाहिजेत.

हुपरीसारख्या गावात प्रेम कुठे लागते

हातकणंगले तालुक्यातली हुपरी चांदीच्या दागिन्यांसाठी देशभर माहीत आहे. इथे बरेचसे काम घरातच चालते. कोणी तार ओढतो, कोणी कड्या जोडतो, कोणी घुंगरू लावतो, कोणी झिलई करतो, आणि एका पैंजणाला अनेक घरांचे हात लागतात. काम पुष्कळांचे मजुरीवर. दर भडकले, मागणी घटली की काम थांबते. हात भाजला, डोळे अधू झाले, ताप आला तर त्या दिवसाची कमाई त्याच दिवशी बुडते.

अशा गावात मंडळीचे प्रेम ओळखायची जागा उपासनेनंतरच्या हस्तांदोलनात नसते. या आठवड्यात कोणाच्या घरचे काम थांबले आहे, हे मंडळीला ठाऊक आहे का, यात ती असते. ते ठाऊक व्हायचे तर घरभेटी हव्यात. मदत गुपचूप पोहोचवणारी दोन-तीन माणसे हवीत. घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये म्हणून ती रक्कम सभेत जाहीर होता कामा नये.

याकोबाच्या पत्रात तर दागिन्याचाच दाखला आहे. सभेत सोन्याची अंगठी घातलेला माणूस आला की त्याला मानाची जागा, आणि मळक्या कपड्यातला आला की उभे राहा किंवा पायाशी बसा. याकोब याला सरळ पाप म्हणतो. दागिने घडवणाऱ्या गावाला हा दाखला लगेच कळेल. इथे घडवणाऱ्याचे कपडे कामाने काळवंडलेले असतात आणि दागिना दुसऱ्याच्या अंगावर चमकतो. देवाच्या घरात त्या दोघांचा बाक एकच असला पाहिजे.

भांडण झाले तर

प्रेम म्हणजे भांडण न होणे, असे शुभवर्तमान कुठेही म्हणत नाही. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात येशू सांगतो, की वेदीशी आल्यावर भावाचे तुझ्याबद्दल काही गाऱ्हाणे आहे असे आठवले तर अर्पण तिथेच ठेव, आधी समेट कर. अठराव्या अध्यायात तर पायऱ्याच दिल्या आहेत: आधी एकट्याने एकट्याशी बोल, नाही ऐकले तर एक-दोघांना सोबत घे, तरीही नाही तर मंडळीपुढे मांड. आपल्याकडे हा क्रम नेमका उलटा चालतो. आधी व्हॉट्सॲप ग्रुपवर मजकूर पडतो, मग गट पडतात, आणि ज्याच्याशी बोलायचे असते त्याच्याशी शेवटपर्यंत कोणीच बोलत नाही. मालमत्ता आणि खुर्चीवरून कोर्टात गेलेले वाद वर्षानुवर्षे चालतात आणि दोन्ही बाजूंची मुले मंडळीपासून दूर जातात.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. क्षमेच्या नावाखाली अन्याय झाकणे हे प्रेम नव्हे. घरात बाईवर हात उगारला जात असेल, लहान मुलाला कोणी त्रास देत असेल, मंडळीच्या पैशात अफरातफर झाली असेल, तर त्या पीडिताला गप्प राहायला सांगणारी मंडळी गुन्हेगाराच्या बाजूने उभी असते. अशा वेळी पोलिसांकडे आणि कायद्याकडे जायला सोबत करणे हीच प्रीती. पौलाची प्रीती अन्यायात आनंद मानत नाही आणि सत्याने सुखावते, हे तेराव्या अध्यायातलेच आहे.

दाराबाहेरचा शेजारी

कोल्हापूर जिल्ह्यात ख्रिस्ती समाज संख्येने लहान आहे. इथल्या ख्रिस्ती माणसाचे शेजारी, ग्राहक, मालक आणि मुलांचे मित्र बहुतेक दुसऱ्या धर्मांचे आहेत. म्हणूनच चांगल्या शोमरोनीची गोष्ट इथे रोज लागू पडते. शेजारी कोण, या प्रश्नाला येशूने त्या गोष्टीत उत्तर दिले: जखमी माणसापाशी जो थांबला, तो. त्याने धर्म विचारला नाही. जखमा बांधल्या, धर्मशाळेचे पैसे भरले आणि परत येऊन उरलेले देईन म्हणून सांगितले.

चौथ्या शतकात रोमन सम्राट जूलियन ख्रिस्ती धर्माच्या विरोधात होता. तरीही त्याने आपल्या पुजाऱ्याला तक्रारीच्या सुरात लिहिले, की हे लोक स्वतःच्या गरिबांबरोबर आपल्याही गरिबांना सांभाळतात. विरोधकाने दिलेली ही साक्ष मोलाची आहे. 2005, 2019 आणि 2021 च्या महापुरांत पंचगंगेकाठच्या लोकांनी अनुभवले, की पाणी घरात शिरताना धर्म विचारत नाही. मदत करणाऱ्यानेही तो विचारू नये. मदतीच्या बदल्यात प्रार्थनेला येण्याची, नाव बदलण्याची अपेक्षा ठेवली की ते प्रेम राहत नाही, तो व्यवहार होतो. येशूने दहा कुष्ठरोग्यांना बरे केले. परत येऊन आभार मानले एकाने, पण बाकीच्या नऊ जणांचे बरेपण त्याने काढून घेतले नाही.

सुरुवात कुठून करावी

मोठ्या योजनेची गरज नाही. दर महिन्याच्या पंचांच्या सभेत जमाखर्चाआधी चार प्रश्न घ्यावेत. या महिन्यात कोण आजारी आहे? कोणाचे काम बंद आहे? कोण रविवारी यायचे थांबले आहे? कोण कोणाशी बोलत नाही? प्रत्येक नावापुढे भेटीला जाणाऱ्याचे नाव आणि दिवस लिहावा. पुढच्या सभेत आधी तीच पाने उघडावीत आणि राहून गेलेल्या भेटी आधी पुऱ्या कराव्यात. मंडळीत प्रीती किती आहे, हे त्या वहीवरून कोणालाही कळेल.