आपले आपल्याला कळते का?

आपल्या हिंगोली जिल्ह्यातल्या नर्सीशी नामदेव महाराजांचे नाव जोडलेले आहे. त्यांची एक कथा घरोघरी ठाऊक आहे. गोरोबाकाकांनी थापटणे घेतले, जमलेल्या संतांच्या डोक्यांवर ते मारून पाहिले, आणि नामदेवांचे मडके कच्चे ठरवले. नामदेवांना ते मुळीच रुचले नाही. पुढे औंढ्यास विसोबा खेचरांची भेट झाली, तेव्हा कुठे पटले. स्वतःविषयीची गोष्ट कधी कधी दुसऱ्यालाच आधी कळते, हा या कथेचा मथितार्थ. श्रोतेहो, मेंदूचे शास्त्र आज जवळजवळ हेच सांगते.

कनेरगाव नाक्यावर आपण एस.टी.ची वाट पाहत बसलेले असतो. हाताला काम नसते. मन कोठे जाते? 'काल मी असं का बोललो? उद्या माझं कसं होईल?' म्हणजे फिरून 'मी'कडेच! कामातून सुटलेला मेंदू स्वस्थ बसत नाही. त्याचे काही ठराविक भाग उलट अधिक जागे होतात, हे अमेरिकेतील मार्कस रेकल व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2001 साली मांडले. त्यांतला एक भाग कपाळामागे, मेंदूची दोन शकले एकमेकांसमोर येतात तेथे, आतल्या अंगाला आहे. 'अमुक पुढारी तापट आहे का?' या प्रश्नापेक्षा 'मी तापट आहे का?' या प्रश्नाला तो अधिक जागा होतो.

पण म्हणून 'मी' त्या एकाच जागी राहतो असे नव्हे. कॅनडात 1981 साली एका तरुणाच्या मेंदूला मोटारसायकलच्या अपघातात जबर इजा झाली. शास्त्रात त्याला के. सी. म्हणून ओळखतात. आयुष्यातला एकही प्रसंग त्याला आठवेना. तरी आपला स्वभाव कसा आहे हे तो सांगे, आणि तेही अपघातानंतर पालटलेला स्वभाव! आईने केलेल्या वर्णनाशी ते जुळत असे. म्हणजे आठवणी एकीकडे, स्वतःची पारख दुसरीकडे.

याच्या उलटही घडते, आणि ते आपल्या घरात घडू शकते. मेंदूच्या उजव्या अंगाचा रक्तपुरवठा तुटला की शरीराची डावी बाजू लुळी पडते. अशा काही रोग्यांना आपण लुळे झालो हेच कळत नाही. 'हात उचला' म्हटले, तर 'उचलला की!' म्हणतात. बाबिन्स्की या फ्रेंच डॉक्टरांनी 1914 साली या अवस्थेला नाव दिले. हा हट्ट नव्हे, सोंग तर नव्हेच. बिघाडाची वर्दी ज्याने द्यायची, तोच भाग बिघडलेला असतो.

तेव्हा घरातले वडीलधारे 'मला काही झालं नाही, निजू द्या' म्हणाले, पण तोंड वाकडे झाले असेल, एक हात खाली पडत असेल, जीभ जड झाली असेल, तर त्यांच्या शब्दावर विसंबू नये. वाद घालू नये, रागावू नये. 108 ला फोन करावा. रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध सामान्यतः साडेचार तासांच्या आतच देतात, आणि तेही डोक्याची तपासणी झाल्यावर. 'सकाळी पाहू' म्हणण्यात ती वेळ निघून जाते.

नामदेवांना सांगायला गोरोबाकाका होते. घरात ते काम आपणच करायचे आहे.