भृष्टतंडुलाची पूड : घरगुती कृती व एक अनुभव

उंद्रीच्या (ता. चिखली) आमच्या परिसरात ज्वारी, कापूस, सोयाबीन व तूर पिकते, भाताची शेती नाही. साळीच्या लाह्या दिवाळीच्या सुमारास मिळतात, ऐन पावसाळ्यात मिळतीलच असे नाही. म्हणून अतिसारातून सावरणाऱ्या रुग्णास लाजमंडाऐवजी भाजलेल्या तांदळाच्या पुडीची पेज सुचविण्याचा माझा प्रघात आहे.

एका पावसाळ्यात नऊ महिन्यांच्या बालकाच्या मातेस मी "तांदूळ भाजून पूड करून द्या" एवढेच सांगितले. तिसऱ्या दिवशी बालक पोटफुगी व पुन्हा द्रवमलप्रवृत्ती घेऊन आले. मातेने पूड कोमट पाण्यात कालवून पाजली होती. "भाजलेलीच होती ना!" हे तिचे उत्तर तर्कास धरूनच होते. दोष माझ्या अपुऱ्या सूचनेचा.

भर्जनाने तांदूळ लघु होतो, पिष्टमय अंश काहीसा विघटित होतो व पेज कमी चिकट होते. परंतु पाण्यावाचून तो पूर्ण शिजत नाही. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या २७ व्या अध्यायात गरविष व कफविकारांत भृष्टतंडुल सांगितला, तोही ओदन म्हणून, अर्थात भाजल्यावर शिजवून.

कृती अशी. वर्षभर जुना तांदूळ निवडून, धुऊन, फडक्यावर पूर्ण वाळवावा. लोखंडी कढईत मंद आचेवर सतत परतावा. दाणा फिका बदामी होऊन खमंग वास सुटताच उतरावा. काळपट दाणे काढून टाकावेत. पूर्ण निवाल्यावरच दळावा. गरम दळल्यास वाफ धरून गुठळ्या होतात. आठवड्यापुरतीच पूड कोरड्या बरणीत ठेवावी. प्रथम थंड पाण्यात कालवून, मग ढवळत शिजवावी. मंडास चौदापट, यवागूस सहापट पाणी. सहा महिन्यांवरील बालकास मंडावर फार काळ ठेवू नये, पोषण तुटते. उरलेली पेज पुन्हा देऊ नये.

ही पेज जलसंजीवनीचा पर्याय नव्हे, स्तन्याचाही नव्हे. सहा महिन्यांखालील बालकास ती देऊच नये. अतिसारात जस्त १० ते १४ दिवस द्यावे, ही जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांची २००४ ची शिफारस आहे. डोळे खोल गेलेले, सुस्त किंवा पिण्यास असमर्थ बालक तत्काळ रुग्णालयात पाठवावे.

ज्या औषधालयांतून तयार पूड दिली जाते, त्यांनी पाकिटावर 'शिजवूनच द्यावी' हे मोठ्या अक्षरांत छापावे. मी आता चिठ्ठीवर तेच शब्द लिहितो व मातेकडून कृती एकदा वदवून घेतो.