वहीतील रिकामी जागाही मालच

खेळाडूंच्या लिलावाच्या बातम्या आपल्या बाजारात चवीने वाचल्या जातात. कोण किती कोटींना गेला हे पोराटोरांनाही पाठ असते. त्यामागचा हिशेब मात्र फार थोडे लोक पाहतात, आणि व्यापाऱ्याच्या उपयोगाचे जे काही आहे ते त्या हिशेबातच आहे.

आम्ही ओझरला कापडाचा धंदा करतो. घाऊक व्यापारी आमच्या खात्याला उधारीची एक हद्द घालून देतो. हद्द भरली की पुढचा ताका रोखीने घ्या, नाहीतर राहू द्या. आता समजा, ईदच्या तोंडावर त्याच व्यापाऱ्याने चांगला लॉट पडत्या भावात काढला. ज्याचे खाते आधीच भरले आहे तो नुसता पाहत राहतो. ज्याच्या खात्यात जागा शिल्लक आहे तो माल उचलतो.

क्रिकेटच्या इंडियन प्रीमियर लीगमध्ये हाच प्रकार चालतो. प्रत्येक संघाने खेळाडूंवर किती खर्च करावा याची हद्द ठरलेली असते. २०२४ च्या हंगामासाठी ती १०० कोटी रुपये होती. मालकाच्या घरची तिजोरी केवढी का असेना, हद्द सर्वांना एकच. त्यामुळे पैशापेक्षा जागा महाग होऊन बसते.

नोव्हेंबर २०२३ मधला मुंबई इंडियन्सचा व्यवहार पाहा. त्यांना गुजरात टायटन्सकडून हार्दिक पांड्या परत हवा होता. त्याचा पगार १५ कोटी. मुंबईने अकरा खेळाडू सोडून सव्वापंधरा कोटींची जागा केली होती. ती एकट्या हार्दिकनेच भरली असती आणि पुढच्या महिन्यातल्या लिलावासाठी अवघे २५ लाख उरले असते. इकडे बंगळूरच्या संघाने हसरंगा, हर्षल पटेल, हेझलवूड असे मोठ्या पगाराचे गडी सोडून ४० कोटी ७५ लाखांची जागा मोकळी ठेवली होती. मुंबईने आपला साडेसतरा कोटींचा कॅमेरून ग्रीन बंगळूरला देऊन टाकला, बदल्यात खेळाडू घेतला नाही. घेतली ती जागा. हार्दिकही आला आणि लिलावाला १७ कोटी ७५ लाखही राहिले. बंगळूरला बोली न लावता, ठरलेल्या पगारात ग्रीन मिळाला.

गुजरातचे काय? खेळाडू गेला, पण त्यांच्याकडे ३८ कोटी १५ लाखांची जागा झाली, दहाही संघांत सर्वांत जास्त. लिलावात त्यांनी आठ खेळाडू घेतले, पंचवीसची संख्या पूर्ण झाली आणि ७ कोटी ८५ लाख तसेच पडून राहिले. एरवी उरलेली रक्कम पुढच्या वर्षी कामास येते. पण त्यानंतरचा लिलाव मोठा होता, म्हणजे सर्वांच्या वह्या नव्याने उघडणारा. त्यामुळे गुजरातची शिल्लक बुडाली. जागेलाही मुदत असते, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

आपल्या लीगमध्ये नको असलेला खेळाडू सोडून दिला की त्याचा पगारही वहीतून जातो. त्यामुळे येथे जागेचा बाजार लहान आहे. खरा बाजार पाहायचा तर उत्तर अमेरिकेच्या नॅशनल हॉकी लीगकडे पाहावे लागते. ही बर्फावर खेळायची हॉकी, आपल्या मैदानी हॉकीहून वेगळी. तेथे २००५ पासून पगारावर हद्द आहे. करार अनेक वर्षांचे असतात आणि खेळाडू उतरणीला लागला तरी करार सहजासहजी तुटत नाही. म्हणजे न खपणारा ताका वर्षानुवर्षे मांडणीवर, आणि जागा अडलेली.

जून २०१९ मध्ये टोरांटोच्या संघाची हीच गत झाली होती. पॅट्रिक मार्लो हा ३९ वर्षांचा खेळाडू, त्याच्या कराराचे एक वर्ष बाकी, वहीत बोजा साडेबासष्ट लाख डॉलरचा. तिकडे मिच मार्नर या तरुण खेळाडूशी नवा करार करायचा होता. कॅरोलायनाकडे जागा होती. त्यांनी मार्लोचा करार आपल्या अंगावर घेतला आणि उचलण्याची मजुरी म्हणून टोरांटोकडून नव्या मुलांच्या निवडीतला पहिल्या फेरीचा हक्क घेतला. मग मार्लोला सुमारे ३८ लाख डॉलर देऊन मोकळे केले. तो एकही सामना त्यांच्याकडून त्या वर्षी खेळला नाही. २०२० च्या निवडीत तो हक्क तेराव्या क्रमांकाचा ठरला, त्यावर सेथ जार्व्हिस आला, आणि २०२४ मध्ये कॅरोलायनाने त्याच्याशी आठ वर्षांचा करार केला. टोरांटोला कोणी भोळे म्हणू नये. त्यांना मार्नर राखता आला. अडलेल्याने किंमत मोजली, एवढेच.

याहून मजेशीर व्यवहार ॲरिझोनाचा. तेथे खर्चाला वरची हद्द आहे तशी खालचीही आहे. तेवढा खर्च वहीत दिसलाच पाहिजे. २०१६ मध्ये डेट्रॉइटचा पावेल दात्स्युक मायदेशी रशियात खेळायला निघून गेला. पगार द्यायचा नव्हता, पण नियमाप्रमाणे ७५ लाख डॉलरचा बोजा वहीत राहणारच होता. ॲरिझोनाने तो कागद घेतला. त्यांची खालची हद्द फुकटात गाठायला मदत झाली आणि निवडीत विसाव्या जागेऐवजी सोळावी मिळाली, मात्र त्यासाठी दुसऱ्या फेरीचा एक हक्क द्यावा लागला. सोळाव्या जागी घेतलेला जेकब चिकरन २०२३ मध्ये ओटावाला दिला, तेव्हा पहिल्या फेरीचा एक आणि दुसऱ्या फेरीचे दोन हक्क पदरात पडले.

ही जागा नेहमीच सारख्या भावाने जात नाही. करोनाच्या काळात त्या लीगची हद्द तीन हंगाम ८ कोटी १५ लाख डॉलरवर गोठली होती. सर्वांची खाती तुंबली, रिकाम्या जागेला मोल चढले. २०२५-२६ ला हद्द एकदम ८ कोटी ८० लाखांवरून ९ कोटी ५५ लाखांवर गेली. ज्याच्या त्याच्याकडे जागा झाली आणि दुसऱ्याचा बोजा उचलण्याची मजुरी मागायला जागाच उरली नाही. आमच्या धंद्यात मोसमाआधी घाऊकवाले सगळ्यांचीच हद्द वाढवतात तेव्हा असेच होते. मोसम उलटून वसुलीचे फोन सुरू झाले, की मग ज्याचे खाते हलके आहे त्याच्या दुकानी लोक लॉट घेऊन येतात.