दाभोळ: पाण्याच्या वेळेवर चालणारं गाव

सकाळचे सात वाजलेत. ओहोटी अजून संपलेली नाही. दाभोळच्या धक्क्याखाली काळा चिखल उघडा पडलाय आणि त्यावर निवट्या टणाटण उड्या मारताहेत. पात्राच्या मध्यावर दोन लाँच नांगर टाकून उभ्या आहेत. पाणी चढेल तेव्हाच त्या धक्क्याला लागतील. धक्क्यावरची माणसं त्यांच्याकडे बघत बसलीत, कुणी रिकाम्या क्रेटवर, कुणी जाळ्याच्या ढिगावर. टोपल्या पालथ्या घालून बायका पान जुळवताहेत. बर्फाची लादी गोणपाटाखाली आहे. तिच्यातून पाण्याची एक धार धक्क्यावरून सरळ नदीत उतरते.

नदी म्हणायची, पण इथं तिची खाडी झालेली आहे. ही वाशिष्ठी. सह्याद्रीतून निघते, चिपळूणवरून येते आणि दाभोळ ओलांडलं की समुद्राला मिळते. कोयनेचं पाणी खरं तर पूर्वेला, बंगालच्या उपसागराकडे निघालेलं. ते डोंगराच्या पोटातून पश्चिमेला वळवतात, त्यावर वीज करतात आणि मग याच नदीत सोडतात. समोर संथ दिसणाऱ्या या पाण्यात घाटापलीकडचा पाऊसही आहे.

भरतीला अवकाश आहे. तोवर मशीद बघून घ्यावी.

धक्क्यापासून ती जवळच आहे. माडांच्या वर आधी घुमट दिसतो, मग चार कोपऱ्यांवरचे मिनार. काळ्या दगडाचं काम. पायऱ्या चढून आत गेलं की ऊन एकदम तुटतं आणि तळव्यांना गारवा लागतो. डोक्यावर पारवे घुमतात. गावात हिला अंडा मशीद म्हणतात. बांधकाम १६५९-६० चं, घाट विजापूरचा. जुन्या गॅझेटियरात मापं दिलीत, ६३ बाय ५४ फूट आणि घुमटाची उंची ७५ फूट. विजापूरची एक शहजादी मक्केला जायला लवाजमा घेऊन दाभोळात उतरली, पण पुढचा प्रवास काही होईना. तेव्हा बरोबर आणलेले १५ लाख रुपये तिनं या मशिदीवर खर्च केले, अशी कथा सांगतात. कथेतला आकडा कुणी मोजलेला नाही. दगडातली नक्षी मात्र हात लावून बघता येते. अंगणात विहीर आहे. कठड्याला टेकून एक म्हातारे गृहस्थ रस्त्याकडे बघत बसलेत. कुठून आलात, एवढंच विचारतात.

मागं वळलं की मिनारांच्या आडून पुन्हा नदी दिसते. याच पाण्यातून एके काळी अरबस्तानचे घोडे दख्खनच्या सुलतानांसाठी उतरत. रशियातल्या त्वेर गावचा एक व्यापारी १४७० च्या आसपास हिंदुस्थानात फिरला. तो उतरला चौलला आणि परतीचं जहाज पकडलं ते दाभोळहून. १५०८ च्या डिसेंबराच्या अखेरीस पोर्तुगीज आरमार याच मुखातून आत शिरलं. त्याचा सेनानी, पोर्तुगीजांचा व्हाइसरॉय, त्याच वर्षी चौलच्या लढाईत मुलगा गमावून बसला होता. त्यानं शहर लुटलं आणि जाळलं. त्या शहराचं आज फारसं काही दिसत नाही. जिथं असेल तिथं आता कौलारू घरं आहेत, जांभ्याचे गडगे आहेत आणि परसात फणस आहेत.

बाजाराचा रस्ता अरुंद आहे. एक टेम्पो आला की सगळे दुकानाच्या पायरीवर चढतात. ऊन तापलंय. एका अंगणात जाळ्यावर जवळा पसरलाय आणि त्याचा वास वळणाच्या आधीच गाठतो. सोड्यांचा भाव ऐकून पाहुणे मुकाट्यानं जवळा घेतात. पुढं सावलीत एक भोई पाग दुरुस्त करतोय. दोरा दातात, अंगठ्याला जाळं अडकवलेलं. तो समुद्रात जात नाही. त्याचं सगळं खाडीतलं. बोयटं, शिंगाळा, चिंबोऱ्या. वरच्या अंगाला लोट्याला रासायनिक कारखान्यांची वसाहत आहे आणि तिथलं सांडपाणी या खाडीत येतं. मासे मरून वर आल्याच्या तक्रारी खाडीकाठचे मच्छीमार वर्षानुवर्षं करत आलेत. "आता पाग टाकायचा नि वाट बघायची," तो म्हणतो आणि पुढच्या गाठीकडे वळतो.

धक्क्यावर आरडाओरडा ऐकू येतो. पाणी चढलंय.

मघाची सगळी सुस्ती गेलीय. पहिली लाँच लागते, दोर फेकला जातो. खलाशी आपसात नेपाळीत बोलतात, तांडेलाशी मराठीत. क्रेटमागून क्रेट वर येतात. बांगडे, ढोमा, म्हाकूल. सुरमई खाली टेकतही नाही, थेट बर्फात आणि बर्फातून टेम्पोत. उरलेल्या मालाभोवती बायकांचं कोंडाळं पडतं. बोली पुटपुटल्यासारखी होते. बाहेरच्या माणसाला सौदा कधी तुटला ते कळतसुद्धा नाही. पाच मिनिटांत तेच बांगडे वाटे होऊन समोर मांडले जातात.

"वाटा कसा, मावशी?"

"दोनशे. डोळे बगा त्याचे."

"दीडशेला द्या."

मावशी उत्तर देत नाही. ती दुसऱ्या गिऱ्हाइकाचा मासा कोयत्यावर धरून कल्ले काढायला लागते.

पावसाळ्यात हे सगळं बंद असतं. जून-जुलैचे ६१ दिवस यांत्रिकी होड्यांना समुद्र बंद. तेव्हा लाँच झापांखाली आणि ताडपत्रीखाली झाकलेल्या असतात, ओसरीवर जाळी विणली जातात. बंदी उठली तरी नारळी पौर्णिमेला नारळ सोडल्याखेरीज जुनी माणसं होडी पाण्यात लोटत नाहीत.

दुपारच्या उन्हात चंडिकेचा चढ जीव काढतो. देऊळ म्हणजे भुयारातली गुहा. दार इतकं ठेंगणं की वाकूनच आत शिरावं लागतं. आत विजेचा दिवा नाही. तेलाच्या दिव्यांवरच सगळं चालतं. पहिली दोन-चार पावलं काहीच दिसत नाही. मग समईची ज्योत दिसते, मग शेंदूर, मग देवीचा चेहरा. एका हातानं भिंत चाचपत लोक पुढं सरकतात. दगड ओलसर लागतो. पुढचा थांबला की मागची रांग थांबते. बाहेर आल्यावर सगळेच डोळे मिचकावतात.

खाली खाणावळीत बांगड्याचं तिखलं आहे, तांदळाची भाकरी आहे. सोलकढी दोनदा मागावी लागते.

फेरीबोटीची रांग वळणापर्यंत आलीय. पुणे आणि मुंबईच्या गाड्या, काचा बंद, इंजिनं चालू. बहुतेकांचं दाभोळ म्हणजे एवढीच रांग. २००३ मध्ये ही बोट सुरू झाली, त्याआधी गाडीनं गुहागरला जायचं तर खेड-चिपळूणचा वळसा होता. आता समोरचं धोपावे काही मिनिटांवर आलंय. बोट लागते, लोखंडी फळी खणकन धक्क्यावर आदळते. "पुढं घ्या, पुढं... बस्स!" गाड्या एकमेकींना खेटून उभ्या राहतात. मोटारसायकली मधल्या फटींत घुसतात. कोंबड्यांचं एक खुराडं पण चढतं.

वरच्या डेकवर वारा आहे. उजव्या हाताला नदीचं मुख, अंजनवेल आणि गोपाळगड. पलीकडच्या सड्यावर वीजप्रकल्प. १९९० च्या दशकात देशभर गाजला तो दाभोळच्या नावानं, पण उभा आहे त्या काठावर, गुहागर तालुक्यात.

कठड्याशी उभं असलेलं एक कुटुंब मागं सरणाऱ्या माडांचे फोटो काढतंय. आई तिकीटवाल्याला विचारते, "दाभोळमध्ये बघण्यासारखं काही होतं का हो?"

तो सुट्टे पैसे मोजता मोजता म्हणतो, "परत येताना भरतीचा टाइम विचारून या, ताई. आणि एक बोट सोडा. मागनं दुसरी असतेच."