चॉकलेटी चारमिनार, नारिंगी अजिंठा

लातूरहून नांदेडला पत्र टाकायचं तर निजामाचं तिकीट, आणि लातूरहून बार्शीला टाकायचं तर इंग्रजाचं. मोगलाईतल्या, म्हणजे हैदराबादच्या निजामाच्या राज्यातल्या, माणसाला यात काही नवल वाटत नसे. त्याच्या कनवटीला निजामाचा हाली रुपयाही असे आणि इंग्रजांचा कलदारही. सात हालीचे सहा कलदार हा हिशेब आडतीवरच्या पोरालाही तोंडपाठ. १९११ साली बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी लातूरला आली. तिच्या रुळांच्या एका टोकाला एक राज्य, दुसऱ्या टोकाला दुसरं. माल आणि माणसं हद्द ओलांडत, निजामाचं तिकीट मात्र हद्दीपाशीच थांबे. संस्थानाबाहेर त्याला कोणी विचारत नसे.

आज तिकीट जमवणाऱ्याच्या दृष्टीने ही मोठीच सोय झाली आहे. जे तिकीट संस्थानातच फिरायचं, त्याची पत्रं संस्थानातल्या घरांमध्येच साठली. नांदेड, लातूर, उदगीर, औसा इथल्या जुन्या वाड्यांतल्या ट्रंका, दुकानांच्या पोटमाळ्यावरची दप्तरं, वकिलांच्या कागदांची बासनं हा या तिकिटांचा खरा मुलूख. रद्दीवाल्याच्या तराजूत यातलं किती गेलं असेल याचा विचार न केलेलाच बरा.

हैदराबाद संस्थानाचं पहिलं तिकीट निघालं १८६९ साली. त्याच वर्षी अमेरिकेने आपल्या तिकिटांवर आगगाडीचं इंजिन आणि कोलंबसचं आगमन छापलं होतं. तिथल्या लोकांना ते अजिबात रुचलं नाही. तिकिटावर थोर माणसाचा चेहरा असावा, गाडी कसली, असा सूर होता. निजामाच्या तिकिटावर चेहराही नव्हता आणि गाडीही. होतं ते फारसी वळणाचं सुलेखन. पुढे १८७१ पासून जी मालिका चालली तिच्यावर किंमत फारसी आणि इंग्रजीबरोबर तेलुगू आणि मराठीतही होती. बोटाच्या पेराएवढ्या कागदावर एवढ्या लिप्या! साठ वर्षं या तिकिटांवर अक्षरांचंच राज्य होतं.

चित्रं आली १९३१ मध्ये. त्याच वर्षी फेब्रुवारीत इंग्रज सरकारने नव्या दिल्लीच्या उद्घाटनाची सहा तिकिटं काढली. ब्रिटिश हिंदुस्थानची ही पहिली चित्रमय तिकिटं, आणि ती छापली गेली आपल्या नाशिकच्या छापखान्यात, लिथो पद्धतीने. हैदराबादने त्याच साली आपली मालिका काढली, पण छपाई निवडली ती पूर्ण वेगळी. चार पै आणि आठ पैच्या तिकिटांवर जुन्याच धर्तीची नक्षी राहिली. चित्रं सुरू झाली एक आण्यापासून. एक आण्याला तपकिरी चारमिनार, दोन आण्यांना जांभळं हायकोर्ट, चार आण्यांना निळा उस्मानसागर. आठ आण्यांना नारिंगी रंगात अजिंठ्याच्या लेण्यांचं प्रवेशद्वार, बारा आण्यांना लाल रंगात बीदरचा महमूद गावानचा मदरसा, आणि एक रुपयाला पिवळा, दौलताबादचा चाँदमिनार.

या सहांपैकी अजिंठा आणि दौलताबाद सरळसरळ मराठवाड्यातले. बीदरही परकं नाही, कारण उदगीर, निलंगा, अहमदपूर तेव्हा बीदर जिल्ह्यातच होते. उदगीरकराने बारा आण्यांचं तिकीट लावलं की आपल्याच जिल्ह्याचं ठिकाण त्याच्या पाकिटावर बसे. नांदेड आणि लातूरच्या वाट्याला मात्र काही आलं नाही. कंधारचा किंवा औशाचा किल्ला या रांगेत सहज शोभला असता. दरबारात आपला वशिला तेव्हाही कमीच पडत असावा.

आता एक आण्याचा चारमिनार दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगाखाली धरा. आधी नुसत्या डोळ्यांना जे सलग तपकिरी आभाळ वाटत होतं ते सुटं होतं. आभाळ म्हणजे एकाखाली एक ओढलेल्या केसासारख्या रेघा निघतात. मिनाराची सावलीची बाजू म्हणजे आडव्या रेघांवर तिरप्या रेघा. कुठेही ठिपका नाही, कुठेही सपाट लेप नाही. तिकीट तिरपं करून उजेडाकडे धरलं की कोऱ्या तिकिटावरच्या जाड रेघांना उंची आहे हेही कळतं; शाई कागदावर उभी असते. बोटाचं टोक हलकेच फिरवावं असं वाटतं, पण ते करू नये. चिमटा त्यासाठीच असतो.

ही किमया कोरीव प्लेटची. छापायच्या रेघा धातूत खोल कोरलेल्या असतात. साधा रबरी शिक्का उंच भागाने छापतो, इथे छापतो तो खोलगट भाग. पाट्यावर चटणी वाटून झाली की तुम्ही वरून हात फिरवून ती सगळी उचलता, तरी टाकीने पाडलेल्या खळ्यांत थोडी उरतेच. प्लेटचंही तसंच. तिच्यावर शाई फासतात, पृष्ठभाग पुसून लख्ख करतात, आणि कोरलेल्या रेघांत उरलेल्या शाईवर कागद प्रचंड दाबाने दाबतात. कागद रेघेत घुसतो आणि शाई घेऊन वर येतो. पाटा गुळगुळीत झाला की टाकी द्यावी लागते, तसं प्लेट झिजली की बारीक रेघा आधी नाहीशा होतात. म्हणून सुरुवातीच्या छपाईतला चारमिनार दाट, कडक उमटतो, आणि उशिराच्या काही प्रतींत आभाळ विरलेलं दिसतं. पुसणाऱ्याचा हात हलका पडला तर रेघांमधल्या जागेतही शाईचं पातळ सावट राहतं आणि तेच तिकीट गडद भासतं. म्हणजे रंग एकच असूनही छटा दोन.

या मालिकेच्या प्लेटा लंडनच्या दे ला रू कंपनीने केल्या. तिकिटं मात्र त्या प्लेटांवरून हैदराबादेतच छापली जात. इथून पुढची सगळी गंमत या सोयीतून उगवली. परदेशी कंपनी एकदाच मोठी छपाई करून माल पाठवते तेव्हा रंग बहुतेक एकसारखा येतो. घरचा छापखाना लागेल तशी छपाई करतो, आणि दर खेपेला शाई नव्याने घोटली जाते. रंगाचं चूर्ण या वेळी थोडं कमी, तेल थोडं जास्त, पुरवठादार वेगळा, हवा दमट. ही तिकिटं १९३१ पासून १९४७ पर्यंत छापली जात राहिली. सोळा वर्षांत एकच तपकिरी कसा टिकावा? स्टॅनली गिबन्सच्या कॅटलॉगनेही एक आणा आणि दोन आण्यांपुढे कंसात ‘छटा’ एवढाच शब्द ठेवून हात जोडले आहेत. पण आठ आण्यांच्या अजिंठ्यापुढे त्याने वेगळी नोंद दिली आहे: मूळ नारिंगी, आणि १९४४ पासून पिवळसर नारिंगी.

१९४४ म्हणजे महायुद्ध ऐन भरात. रंग, रसायनं, कागद सगळ्याचीच टंचाई. तोफगोळ्यांच्या बातम्या ज्या वर्तमानपत्रांत येत त्यांची पानं कमी झाली होती हे तर आपल्या आजोबांनीही सांगितलेलं असतं. तीच टंचाई अजिंठ्याच्या दारावर एका पिवळसर झाकेने उमटली असणार. मला या छंदातली सगळ्यात भुलवणारी गोष्ट हीच वाटते. चित्र तेच, किंमत तीच, कोरलेली रेघही तीच. बदलते ती फक्त शाई, आणि त्या बदलात ते वर्ष अडकून राहतं.

अर्थात छटेच्या मागे लागलेला माणूस फसतोही फार. उन्हात पडलेलं तिकीट विटतं. पाण्यात भिजवून पाकिटावरून सोडवताना काही जांभळे रंग पाण्यात उतरतात आणि उरलेल्या फिकट तिकिटाला कोणी ‘दुर्मीळ छटा’ म्हणून विकतो. शिसं असलेल्या जुन्या नारिंगी आणि लाल रंगांवर हवेतल्या गंधकाचा परिणाम होतो. ते काळपट तपकिरी पडतात. ही छटा छापखान्यातली नसून ट्रंकेतली असते. म्हणून एकटं तिकीट हातात घेऊन निवाडा करायचा नाही. करड्या कागदावर पाच-सहा प्रती शेजारी शेजारी मांडायच्या आणि दिवसाच्या, पण थेट नसलेल्या उजेडात बघायच्या. रात्री ट्यूबखाली ठरवलेली छटा सकाळी हमखास बदलते. मोबाइलवरच्या फोटोवरून छटा ठरवणं तर सरळ जुगार आहे. आणि शक्यतो तारीख असलेलं पूर्ण पाकीट हवं, कारण हे तिकीट कोणत्या वर्षाआधीच छापलेलं असणार हे फक्त शिक्काच छातीठोकपणे सांगतो.

रंगाइतकाच कागदही बोलतो. या तिकिटांच्या कागदात जलचिन्ह म्हणून उर्दू अक्षरं आहेत. काळ्या पृष्ठभागावर तिकीट पालथं ठेवलं की ती अंधुक दिसू लागतात. पण १९४७ मध्ये चार पै आणि आठ पैची काही तिकिटं वेगळ्याच कागदावर आली. उजेडाकडे धरलं की त्यात समांतर बारीक रेघा दिसतात. या कागदाच्या पूर्ण तावात एक भलं मोठं जलचिन्ह आहे: वर्तुळात राजचिन्ह आणि निजाम सरकारचं नाव. ताव मोठा आणि तिकिटं चिमुकली, त्यामुळे बऱ्याच तिकिटांच्या वाट्याला त्यातलं काहीच आलं नाही. कोणाला एखादं अक्षर मिळालं, कोणाला वर्तुळाची कड. दफ्तरी लिहिण्याचा कागदच तिकिटांकडे वळवला गेला असावा, असा माझा तर्क. ट्रंकेत चार पैची काळी तिकिटं सापडली तर ती फुकटात देऊन टाकण्याआधी एकदा उजेडाकडे धरून बघाच.

दातांचीही एक गोष्ट आहे. दोन सेंटिमीटर लांबीत किती छिद्रं बसतात यावरून तिकिटाचं छिद्रण मोजतात, आणि या मालिकेचं ते साडेतेरा. काही ताव छिद्रं पाडायच्या यंत्रातून सुटले आणि बिनदाती तिकिटं बाहेर आली. इथे कात्रीची करामत चालते: रुंद कडेचं साधं तिकीट घ्यायचं आणि दात कापून टाकायचे. म्हणून जाणता माणूस बिनदाती तिकीट जोडीनेच घेतो. दोन तिकिटांमधली जागा नंतर कात्रीने बनवता येत नाही.

१९३७ मध्ये निजामाच्या कारकिर्दीच्या रौप्यमहोत्सवाची चार तिकिटं आली, दोन-दोन रंगांत: युनानी दवाखाना, उस्मानिया दवाखाना, उस्मानिया विद्यापीठ, जुबिली हॉल. देखणी आहेत, पण मला ती इमारतींच्या उद्घाटनाच्या निमंत्रणपत्रिकांसारखी वाटतात. खरी ओढ लावतात ती शेवटची तिकिटं. १९४७ नंतरच्या मालिकेत वीजघर, वरंगळच्या किल्ल्यातली काकतीय कमान आणि गोवळकोंडा ही चित्रं आहेत, आणि छपाई कोरीव न राहता लिथो झाली आहे. भिंगाखाली फरक लगेच कळतो: शाई सपाट, रेघेला उंची नाही. या गोवळकोंड्याच्या सहा आण्यांचा रंग आधी गडद तपकिरी होता. लालसर तपकिरी छटा १९४९ ची.

१९४९! म्हणजे ३० जानेवारी १९४८ ला मुक्तिलढ्यातल्या कार्यकर्त्यांनी उमरीची बँक लुटली, १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान शरण आलं, लोकांनी तिरंगा लावला, निजामाच्या बाजूने लढणाऱ्या रझाकारांचा बंदोबस्त झाला, आणि तरीही छापखाना निजाम सरकारच्या नावाने गोवळकोंडा छापतच होता. राज्य एका दिवसात जातं, पण टपालाची पेटी रोज उघडावीच लागते. १९५० मध्ये भारताची तिकिटं आली तेव्हाच हा खेळ थांबला. मुक्तीनंतरच्या या दीड वर्षात नांदेड किंवा लातूरच्या टपालातून गेलेलं, निजामी तिकीट लावलेलं पाकीट ज्याच्या घरी असेल त्याने ते तिकीट सोडवायच्या भानगडीत अजिबात पडू नये. पाकीट आहे तसं ठेवावं, पत्रासकट.

असं पाकीट ओळखायचं कसं, हा प्रश्न तरुण संग्राहकांना पडतो, कारण अनेक शिक्के उर्दूत आहेत. त्यासाठी सगळी लिपी शिकायला नको. लातूर म्हणजे लाम, अलिफ, ते, वाव, रे. लाम आणि अलिफ एकमेकांना बिलगून येतात, त्यामुळे शब्दाची सुरुवात डोळ्यात भरते. नांदेड म्हणजे नून, अलिफ, नून, दाल, ये, आणि शेवटी डोक्यावर छोटा तुरा असलेलं ड़े. दरबारी कामकाज फसली सनात चाले. शिक्क्यात १३५७ असा आकडा दिसला तर त्यात ५९० मिळवायचे, आणि जानेवारी ते सप्टेंबरमधली तारीख असेल तर ५९१, कारण फसली वर्ष ऑक्टोबरात सुरू होई. १३५७ फसली म्हणजे ऑक्टोबर १९४७ ते ऑक्टोबर १९४८. मुक्ती याच वर्षाच्या अखेरीस झाली, म्हणून त्या वर्षीचं पाकीट असेल तर तारखेचा महिनाही वाचून घ्या. आबान, मेहेर, शहरेवर अशी ती नावं असतात, आणि वर्षाचा पहिला महिना आजूर.