बढतीची रांग कोणी लावली?

बढती सेवाज्येष्ठतेने द्यावी की गुणवत्तेने, हा वाद निघाला की कामगार संघटना ज्येष्ठतेच्या बाजूला आणि व्यवस्थापन गुणवत्तेच्या बाजूला, अशी वाटणी आपण गृहीत धरतो. दलित आणि आदिवासी कामगाराने मात्र त्याआधी दोन प्रश्न विचारले पाहिजेत. रांगेत उभे राहायला कोणाला, कधी मिळाले? आणि गुणवत्तेचा तराजू कोणाच्या हातात आहे?

संघटना ज्येष्ठतेचा आग्रह धरते त्यामागे अनुभव आहे. मुंबईच्या गिरण्यांत एके काळी नोकरी जॉबरच्या मर्जीवर मिळे आणि त्याच्याच मर्जीवर जाई. नोंदवलेल्या तारखेपुढे मर्जीला, नात्यागोत्याला, लाचेला वाव कमी राहतो. कपात करताना शेवटी आलेला सर्वसाधारणपणे आधी जावा, हे तत्त्व १९५३च्या दुरुस्तीने औद्योगिक विवाद कायद्यात आले. २०२०च्या औद्योगिक संबंध संहितेतही ते ठेवलेले आहे. ज्येष्ठता ही दुबळ्याची ढाल आहे, यात शंका नाही.

पण ही ढाल ज्या त्या खात्याच्या भिंतीआडच चालते. गिरणीत विणकाम खात्याचा पगार जास्त होता आणि तेथे अस्पृश्यांना मज्जाव होता. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो, विटाळ होतो, असे कारण सवर्ण कामगार देत. कताई खात्यात वीस वर्षे काढलेल्या अस्पृश्य कामगाराची ज्येष्ठता त्या दारापाशी संपत होती. १९२८च्या सार्वत्रिक संपात ही बंदी उठवण्याची मागणी युनियनने करावी, असा आग्रह बाबासाहेब आंबेडकरांनी धरला, तेव्हा कुठे ती नाखुषीने मागणीपत्रात आली. म्हणजे अडवणारा केवळ मालक नव्हता, शेजारच्या साच्यावरचा कामगारबंधूही होता.

दहा वर्षांनी, फेब्रुवारी १९३८मध्ये, मनमाडला जी. आय. पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, असे बाबासाहेबांनी तेथे सांगितले. हे वाक्य आपण नेहमी आठवतो, पण त्याच भाषणातला बढतीचा तपशील विसरतो. अस्पृश्य माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच संपतो. त्याला पोर्टरही करत नाहीत, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरचे काम करावे लागते. येथे कोणत्या गुणवत्तेची परीक्षा झाली? रूळ उचलणाऱ्या हातांना सामान उचलता येत नव्हते काय?

आता तराजूकडे वळू. गुणवत्ता नकोच, असे आपण म्हणत नाही. पिढ्यान् पिढ्या आपली गुणवत्ता नाकारली गेली म्हणूनच आपण येथे आहोत. माझ्या घरात पदवी घेणारा मी पहिला. मला परीक्षेची भीती वाटत नाही. भीती वाटते ती बंद पाकिटाची. सरकारी नोकरीत वर्षानुवर्षे गोपनीय अहवाल हेच गुणवत्तेचे माप होते. देव दत्त खटल्यात एका अभियंत्याला एका वर्षी 'चांगला' असा शेरा मिळाला होता आणि बढतीसाठी 'अतिशय चांगला' लागत होता. तो शेरा त्याला कळवलाच नव्हता. प्रत्येक शेरा कर्मचाऱ्याला कळवलाच पाहिजे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली दिला. जे माप मोजल्या जाणाऱ्या माणसाला दाखवता येत नाही, त्याला गुणवत्ता कसे म्हणायचे?

ज्येष्ठतेची तारीखसुद्धा आकाशातून पडत नाही. राखीव जागेवर आधी बढती मिळालेल्याची वरच्या पदावरची ज्येष्ठता टिकावी, म्हणून २००१ साली ८५वी घटनादुरुस्ती करावी लागली. महाराष्ट्राने २५ मे २००४ रोजी बढतीतील आरक्षणाचा शासन निर्णय काढला. मुंबई उच्च न्यायालयाने तो ४ ऑगस्ट २०१७ रोजी रद्द ठरवला. मग ७ मे २०२१च्या शासन निर्णयाने बढतीची सगळी रिक्त पदे २५ मे २००४च्या ज्येष्ठतेप्रमाणे भरायचे ठरले. मधल्या वर्षांत आरक्षणाने पुढे सरकलेला माणूस पुन्हा जुन्या जागी उभा केला गेला. तारीख कोणती धरायची, हे कोणी तरी ठरवत असते.

आणि ज्याला तारीखच नाही त्याचे काय? अच्छाडच्या औद्योगिक वसाहतीत आणि हद्दीपलीकडे गुजरातेत तलासरी-डहाणूची पोरे कामाला जातात. माझे काही विद्यार्थी त्यांत आहेत. ठेकेदार बदलला की हजेरीपट बदलतो, आणि त्याच यंत्रावर उभा असलेला मुलगा कागदोपत्री पुन्हा नवा होतो. त्याच्यापुढे ज्येष्ठता की गुणवत्ता हा वाद घालणे ही क्रूर थट्टा आहे. कायम करायचे टाळण्यासाठी कामगाराला वर्षानुवर्षे बदली किंवा तात्पुरता ठेवणे, याला महाराष्ट्राच्या १९७१च्या कामगार संघटना कायद्याने अनुचित प्रथा ठरवले होते. पण तक्रार नेणारी संघटना नसेल तर कायदा कपाटातच राहतो.

याच तालुक्यातल्या झरी गावी १९४५ साली वारल्यांनी एकत्र येऊन वेठ नाकारली. गोदावरी परुळेकर आणि किसान सभा त्यांच्यासोबत होती. त्या लढ्यात गवतकापणीचा ठराविक दर मागितला गेला. मजुरीचे माप जमीनदाराच्या लहरीतून काढून सर्वांसमोर ठेवणे, हा त्या मागणीचा अर्थ होता. बढतीच्या प्रश्नातही संघटनेचे काम हेच आहे.

म्हणून मागणी अशी हवी : पहिल्या दिवसाची तारीख प्रत्येकाला लेखी मिळावी आणि ठेकेदार बदलला तरी ती टिकावी. ज्येष्ठतायादी दरवर्षी भिंतीवर लागावी. परीक्षा असेल तर तिचे निकष आधी सांगावेत आणि गुण दाखवावेत. वरच्या कामाचे शिक्षण खालच्या खात्यातल्या माणसालाही मिळावे. आणि हाच हिशेब संघटनेने स्वतःलाही लावावा. तिच्या कार्यकारिणीत झाडूवाला, हमाल, ठेक्यावरचा वारली किती आहेत? ते नसतील, तर १९२८चे विणकाम खाते तिच्या कचेरीत अजून चालू आहे, असे समजावे.